डाव्या कोपऱ्याची घडी

माझ्या आत्याबरोबर राहायचं, तर भिंतीवरच्या कॅलेंडरलासुद्धा ताठ राहावं लागतं. पुढच्या शिक्षणासाठी मी तिच्या दोन खोल्यांत राहायला गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती स्टुलावर चढून माझ्या खिडकीचा पडदा काढत होती.

"डावीकडे दोन बोटं खाली आलाय," ती म्हणाली.

"असू दे ना आत्या. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

तिच्या कपाटातल्या सगळ्या कपांचे कान एकाच दिशेला असत. माझी वही टेबलावर तिरकी दिसली, की ती येताजाता एका बोटाने सरळ करी, मी तिच्यात लिहीत असले तरी. पहिल्या महिन्यात मी वैतागले. दुसऱ्या महिन्यात मी आपण होऊन कपांचे कान फिरवू लागले, आणि मग स्वतःवरच जास्त वैतागले.

आत्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तंत्रज्ञ होती. एकतीस वर्षं तिने एकच काम केलं, मोजायचं. टोळांच्या तंगड्या, भुंग्यांची शिंगं, माश्यांचे पंख. संशोधन दुसरे करत. त्यांनी आणलेले किडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आकडे काढून देणं एवढं तिचं. पुढे त्या आकड्यांवर लेख छापून येत आणि लेखाच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, तांत्रिक मदतीबद्दल आभार मानलेले असत. त्या ओळीत आत्याचं नाव. अशा अकरा ओळी तिने एका निळ्या फायलीत लावून ठेवल्या होत्या. ती फाईल ती कुणाला दाखवत नसे. धूळ मात्र रोज पुसायची.

आणि जन्मभर दोन बाजू जुळवत बसलेल्या ह्या बाईचा स्वतःचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. जन्मापासूनच. शिंपी तिच्या कपड्यांना त्या बाजूने आतून कापडाची घडी घालून देई. खांद्यामुळे तिचं लग्न जुळलं नाही, हे आमच्या घरात इतक्या वेळा आणि इतक्या सहज बोललं गेलंय, की लहानपणी मला तो तिच्या पत्त्याचाच भाग वाटायचा. बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, अजूनही उसासा टाकून म्हणतात, "ताईचा खांदा तेवढा सरळ असता, तर." तर काय, ते कधीच सांगत नाहीत. शेवटी मी आत्यालाच विचारलं.

"एक जण होता," ती म्हणाली. "त्याचे खांदे पट्टीने आखल्यासारखे होते. बोलायला लागला की मला झोप यायची. मीच नको म्हटलं." मग म्हणाली, "हे तुझ्या बापाला सांगू नकोस. त्याला खांदाच बरा वाटतो."

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना तिच्या वाट्याला जाळीवाला आला. हे तिनेच ठेवलेलं नाव. तो पीएच.डी. करणारा मुलगा, लांब दांड्याची जाळी घेऊन विभागात शिरायचा आणि शिरताना ती दाराला अडकवायचा. रोज. "दार तेच आहे," आत्या घरी येऊन कुरकुरायची, "ते काय एका रात्रीत अरुंद होतं?"

जाळीवाल्याचा विषय होता टाचण्या. चतुराच्याच जातकुळीचा, पण सुईसारखा बारीक किडा, तळ्याकाठच्या गवतावर पंख मिटून बसणारा. ज्या नराचे डावे-उजवे पंख अगदी सारखे, त्याला मादी मिळण्याची शक्यता जास्त, असं त्याला दाखवायचं होतं. शरीर घडताना उपासमार होते, आजार होतो, आणि दोन बाजूंत बारीकसा फरक राहून जातो. ज्याच्यात तो कमी, तो धडधाकट, म्हणून मादीच्या पसंतीचा. हा विचार काही त्याच्या एकट्याचा नव्हता. वेगवेगळ्या किड्यांवर लोकांनी तो तपासला होता, कुठे खरा निघाला होता, कुठे नाही.

दोन हंगाम तळ्याकाठी चिखल तुडवून त्याने तीनशेसाठ नर पकडले. एकशेऐंशी मादीबरोबर जोडीत सापडलेले, एकशेऐंशी एकटे. प्रत्येक नर कागदाच्या त्रिकोणी पुडीत, पुडीवर फक्त क्रमांक. कोणता क्रमांक जोडीतला आणि कोणता एकट्याचा, ती यादी त्याच्या कपाटात कुलपाआड. मोजणाऱ्याला ते कळता कामा नये. कळलं, तर हात नकळत तिकडे झुकतो.

"माझा हात?" आत्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "इतक्या वर्षांत झुकला नाही."

"तुमचा नाही हो मावशी. नियम आहे."

"आणि मावशी म्हणू नकोस. मला बहीण नाही."

त्याने मान डोलावली आणि पुढे शेवटपर्यंत तिला मावशीच म्हणत राहिला.

मोजणी म्हणजे काय, हे तिने मला एका सुट्टीच्या दिवशी विभागात नेऊन दाखवलं. पंख दोन काचांमध्ये ठेवायचा. मधल्या खाचेपासून टोकाजवळच्या काळ्या ठिपक्यापर्यंतचं अंतर बघायचं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात एक बारीक पट्टी कोरलेली असते, ठिपक्याची कड तिच्यावर येते. कधी नेमकी रेघेवर, पण बहुतेक वेळा दोन रेघांच्या मध्ये कुठेतरी. मग मोजणाऱ्याने ठरवायचं, ही रेघ जवळ की ती.

"सगळं एवढ्यातच आहे," ती म्हणाली.

मी डोळा लावला. मला रेघ दिसेना, पंखच दिसत राहिला. काचेचे लहान लहान तुकडे काळ्या दोऱ्याने शिवल्यासारखा, आत्ताच पाण्यावरून आल्यासारखा ओलसर, आणि तरी कोरडा ठणठणीत. मी बराच वेळ हलले नाही.

"रेघ बघ," आत्या म्हणाली. "सुंदर आहे ते मला माहितेय."

डावा पंख, उजवा पंख, परत पुडीत. आठवड्याने तेच पंख पुन्हा, आधीचा आकडा न बघता. एकूण चौदाशेचाळीस वेळा. ह्या चौदाशेचाळीस वेळांचा हिशेब मला संध्याकाळी ऐकावा लागे. पंखा लावला की किड्याचा पंख उडतो, पंखा बंद केला की चष्म्यावर घाम येतो. टेबलाचा एक पाय हलतो, सुतार उद्या येतो म्हणून गेला तो गेलाच. जाळीवाल्याचा एक आणि सात सारखाच दिसतो. त्याच्या पुड्या ओबडधोबड, एकही धड मिटलेली नाही. ऐकून ऐकून माझा जीव मेटाकुटीला यायचा. पण चौदाशेचाळीस झाले.

मग एके दिवशी मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे विभागप्रमुख, जाळीवाल्याच्या मार्गदर्शक. यादी उघडून आकडे लावले होते. एकट्या नरांच्या दोन पंखांतला फरक जोडीतल्या नरांच्या जवळजवळ दुप्पट निघाला होता. मोठ्या बाई म्हणाल्या, इतकं स्वच्छ उत्तर वर्षानुवर्षांत बघितलं नाही, आणि ते मोजणीच्या जोरावर आलंय. लेखावर ह्या वेळी तीन नावं. तिसरं तुमचं. शेवटच्या ओळीत नाही, वर.

त्या संध्याकाळी आत्याने कप धुऊन कपाटात ठेवले, आणि त्यांचे कान दाही दिशांना होते. जेवताना तिने विचारलं, "तिसरं नाव पहिल्यापेक्षा बारीक अक्षरात असतं का गं?"

"नाही. सगळी सारखीच."

"सारखीच," ती म्हणाली, आणि भात वाढून घ्यायला विसरली.

निवृत्तीला तेव्हा चार महिने होते. जाळीवाल्याला महिन्याभरात प्रबंध द्यायचा होता, पाठोपाठ लेख जायचा होता. सगळे पंख आता पारदर्शक चिकटपट्टीखाली कार्डांवर लावून झाले होते. उरल्या रिकाम्या पुड्या. आत्या कागद टाकत नाही, त्यामुळे त्या सगळ्या पिशवीत भरून घरी आल्या. कागद एका बाजूने कोरा होता.

शनिवारी दुपारी मी टेबलाशी मटार सोलत होते. ती समोर बसून पुड्या उलगडत होती, तळहाताने सपाट करत होती आणि दोन गठ्ठे लावत होती. नजर खिडकीबाहेर, समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर वाकडी वाळत घातली होती तिकडे.

"दोन गठ्ठे कशाला?" मी विचारलं.

"हे जोडीतले, हे एकटे," ती चादरीकडे बघत म्हणाली.

"क्रमांकावरून कळतं?"

"क्रमांकावरून कसं कळेल? यादी त्याच्या कपाटात."

"मग कशावरून?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. हातातली पुडी तिने टेबलावर ठेवली. मग डावीकडच्या गठ्ठ्यातली दुसरी घेतली, तिसरी घेतली. प्रत्येकीचा डावा कोपरा आत खुपसलेला, उजवा तसाच चुरगळून सोडलेला. उजवीकडच्या गठ्ठ्यातल्या पुड्यांचे दोन्ही कोपरे दुमडलेले.

"अगं आई गं," आत्या म्हणाली. अगदी हळू.

मग तिने सांगितलं ते असं. पहिल्या आठवड्यात ती जाळीवाल्याबरोबर तळ्यावर गेली होती, डबा धरायला. एकटा नर सापडला की तो दोन्ही हातांनी नीट पुडी मिटायचा. जोडी सापडली की मादी डाव्या हाताच्या बोटांत धरलेली असायची, तिचीही वेगळी पुडी करायची म्हणून. मग नराची पुडी तो उजव्या एकट्या हाताने मिटायचा. अंगठ्याने डावा कोपरा आत ढकलायचा, उजवा राहूनच जायचा. हे तिने तेव्हा बघितलं होतं आणि विसरून गेली होती. ती विसरली होती, पण बोटं विसरली नव्हती. चौदाशेचाळीस वेळा पुडी उघडताना त्यांना आधीच कळत होतं, आत कोण आहे.

"पण त्यामुळे हात झुकलाच, असं कुठे आहे?" मी म्हटलं. "तू मुद्दाम तर काही केलं नाहीस."

"नाही केलं."

"मग?"

"कड दोन रेघांच्या मध्ये आली, तर मी काय ठरवत होते, हे मला आता कसं कळणार?" ती एकदम चिडली, माझ्यावर, मटारांवर, चादरीवर. "एवढं मोठं संशोधन, कुलूप काय, यादी काय, आणि ह्या गाढवाला पुडी मिटता येत नाही. आणि मी. मी रोज म्हणत होते, पुड्या ओबडधोबड आहेत. रोज. तोंडाने म्हणत होते आणि डोक्यात प्रकाश पडत नव्हता."

ती उठली, कपाट उघडलं, कपांचे कान एका दिशेला केले आणि दार आपटून लावलं.

तिला काय वाटत होतं, हे मला कळत होतं, म्हणून मी एक वाईट गोष्ट बोलले. म्हटलं, "आत्या, हे फक्त आपल्या दोघींना माहीत आहे." मला ती निळी फाईल दिसत होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि उत्तर द्यायच्याही लायकीचं ते तिला वाटलं नाही.

सोमवारी तिने जाळीवाल्याला सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी जाळीवाला घरी आला, पहिल्यांदाच जाळीशिवाय. तरीही दारात त्याची पिशवी अडकली.

"मावशी, महिन्यावर प्रबंध आलाय."

"एका हाताने कुणी पुडी मिटतं का?"

"दुसऱ्या हातात मादी होती."

"मग ती आधी डब्यात टाकायची. डबा धरून मी काय शोभेला उभी होते?"

"तुम्ही म्हणालात, डबा सारखा उघडला तर आतले उडतील."

हे खरं असावं, कारण आत्या टेबलावरची माझी वही सरळ करू लागली. तो खुर्चीच्या टोकावर बसून होता, दोन हंगाम तळ्याकाठी उभ्या राहिलेल्या माणसासारखा दमलेला. मला त्याची कीव आली आणि त्या दोघांचा कंटाळाही आला.

"फरक दुप्पट आहे," तो म्हणाला. "तुमचा हात झुकला असेल, तर थोडासा. निम्मा तरी खराच असेल ना. आणि पुडीच्या कोपऱ्याकडे कोण बघणार आहे?"

"मी बघतेय," आत्या म्हणाली.

मग त्याने विचारलं, आणि त्यात खोच नव्हती, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, "पण तुमचा हात त्याच बाजूला का झुकेल? उलट का नाही? निकाल काय येतोय, ह्याचं तुम्हाला काय होतं? माझं मी समजू शकतो."

आत्याने खांद्यावरचा कपडा सारखा केला. डाव्या.

"लहानपणापासून मला घरात तेच सांगितलंय," ती म्हणाली. "मला वाटलं, असणारच तसं." आणि चहाला पाणी ठेवायला उठली.

त्याला ते कितपत कळलं, मला माहीत नाही. पण चहा पिऊन तो म्हणाला, "परत मोजू या." तिने फक्त, "कप सरळ ठेव," म्हटलं.

परत मोजायचं म्हणजे पुन्हा नवे क्रमांक हवेत, आणि ते दोघांपैकी कुणी द्यायचे नाहीत. हे काम माझ्या गळ्यात पडलं. दोन दिवस बसून मी तीनशेसाठ कार्डांवरचे जुने आकडे झाकले, चिठ्ठ्या उचलून नवे चिकटवले, आणि जुन्या-नव्याची यादी साखरेच्या डब्याखाली ठेवली. आत्या दोन दिवस स्वयंपाकघरात आली नाही. चहासुद्धा मागून घ्यायची, दाराबाहेर हात पुढे करून.

मोठ्या बाई भडकल्या, मग थंड झाल्या, मग त्यांनी जाळीवाल्याला सहा महिन्यांची मुदत मिळवून दिली. आत्या पुन्हा मोजू लागली. ह्या खेपेला ती घरी येऊन तक्रार करत नव्हती. टेबलाच्या पायाची नाही, पंख्याची नाही. मला ते जास्त जड गेलं. सुतार एकदाचा आला, पाय दुरुस्त करून गेला, तर ते तिने मला आठ दिवसांनी सांगितलं.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात चौदाशेचाळिसावा आकडा पडला. मी साखरेच्या डब्याखालची यादी नेऊन दिली. मोठ्या बाईंच्या खोलीत जाळीवाल्याने आकडे लावले, आत्या दाराशी उभी राहिली, मी तिच्यामागे. जोडीतल्यांचा फरक आणि एकट्यांचा फरक, दोन्ही जवळजवळ तेवढेच. एकट्यांचा केसभर जास्त होता, पण एकच पंख दोनदा मोजताना आत्याचे स्वतःचे दोन आकडे त्याहून जास्त हलत होते.

म्हणजे त्या तळ्यावर तरी टाचण्यांच्या माद्या पंखांना पट्टी लावून बघत नव्हत्या. पट्टी आत्याने लावली होती.

जाळीवाल्याने कागद गोळा केले. मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, आता लेख कसला करायचा, काही सापडलंच नाही.

"सापडलं की," आत्या म्हणाली. "कुलपात यादी ठेवूनही मोजणाऱ्याला कळू शकतं, हे सापडलं. ते लिहा. दुप्पट फरक कागदाच्या एका कोपऱ्याने आला, हे बाकीच्या मोजणाऱ्यांना नको का कळायला?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि चुकीच्या लेखावर माझं नाव घालणार होता. तर बरोबर लेखावर घालायला काय हरकत आहे?"

मोठ्या बाईंनी चष्मा लावून तिच्याकडे नीट बघितलं. एकतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदा. "चूक तुमच्या नावावर छापली जाईल," त्या म्हणाल्या.

"मग? केली कुणी?"

आत्या निवृत्त झाली. तिला एक घड्याळ मिळालं, ते तिने लगेच भिंतीवर लावलं, आणि नंतर आठवडाभर ते सरळ करत राहिली. बाबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगितलं, की किड्यांच्या बाबतीत खांद्याचं काही खरं नाही. ते म्हणाले, "कसला खांदा?" मी कपाळाला हात लावला.

जाळीवाल्याचा प्रबंध वेगळ्या रूपात मान्य झाला. लेख एका लहानशा मासिकाने घेतला, साडेतीन पानांचा. मोठ्या बाईंनी आपलं नाव काढून घेतलं, त्यामुळे वर दोनच उरली. तो छापण्याआधीचा कच्चा नमुना दाखवायला आला, तेव्हा आत्या खिडकीशी बसली होती. दारात त्याला काही अडकलं नाही, बहुधा हातात कागदांखेरीज काही नव्हतं म्हणून.

"मावशी, वर बघा. दुसरं नाव."

आत्याने चष्मा लावला. पण तिची नजर वर गेलीच नाही. पानाच्या मध्यावर पुडीचं चित्र होतं, एक कोपरा आत खुपसलेला, दुसरा चुरगळलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"कोपरा डावा होता," ती म्हणाली.

त्याने वाकून बघितलं. "हां. चित्र उलटं पडलंय. पण मावशी, डावा काय, उजवा काय, मुद्दा तोच आहे."

मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने माझ्याकडे, आणि दोघांनाही एकदमच कळलं की आता अर्धा तास तरी सुटका नाही. आत्याने पेन्सिलीला टोक काढलं. पट्टी घेतली. कागद टेबलाच्या कडेशी सरळ लावला, आणि खालचा खांदा आणखी खाली करून, आधी चित्र दुरुस्त केलं. मग नाव वाचलं.